जुन्या मखमली पोनीची लव कशी उतरवावी

1980 च्या दशकातली ‘माय लिटल पोनी’ ही छोट्या घोड्यांची खेळणी जमवणाऱ्यांना ‘सो सॉफ्ट’ हा प्रकार चांगला ओळखीचा असतो. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने 1985 च्या सुमारास बाजारात आणलेले हे पोनी आतून बाकीच्यांसारखेच, मऊ व्हिनाइलचे. वरून मात्र त्यांना बारीक मखमली लव असते. लॉफ्टी, हार्ट थ्रॉब, ट्रूली हे त्यातले काही. पोझी आणि गस्टीसारख्या गुळगुळीत पोनींचीही मखमली आवृत्ती निघाली होती. नवी असताना ही लव फार देखणी दिसायची. पण ज्या डिंकावर ती उभी आहे तो डिंक आता चाळीस वर्षांचा झाला. मुलांनी धरून धरून नाक, कान, पाठ आणि मांड्या झिजतात, तिथे टक्कल पडतं, आणि उरलेली लव मळकट, पिवळट होऊन पापुद्र्यांनी सुटू लागते. असा पोनी पूर्ण सोलून गुळगुळीत करावा, मग हवं तर नव्याने रंगवावा, असं अनेकांना वाटतं. ते करता येतं, पण घाईने आणि जोरकस रसायनांनी केलं तर लवेबरोबर पोनीही जातो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. आपण लव काढत नसतो, डिंक काढत असतो. कारखान्यात आधी व्हिनाइलवर डिंकाचा थर देतात, मग विजेच्या भाराच्या जोरावर कृत्रिम धाग्याचे अगदी आखूड तुकडे त्यावर सोडतात, म्हणजे ते आडवे न पडता उभे रोवले जातात. यालाच फ्लॉकिंग म्हणतात. लव ओरबाडून काढली तरी तिची मुळं डिंकात तशीच राहतात आणि हाताला खरखरीत, करडी साल लागते. डिंक सुटला की लव आपोआप येते. म्हणून प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा, यातून डिंक सैल होतोय का आणि व्हिनाइलला इजा तर होत नाही ना?

सोलायचा की नाही

हे काम उलटं फिरवता येत नाही. बाजारात नवी लव मिळते, ती घरी लावताही येते, पण कारखान्यातली ती एकसारखी मखमल आणि मांडीवरचं मूळ चिन्ह, म्हणजे त्या पोनीची ओळख असलेलं चित्र, परत येत नाही. त्यामुळे ज्या पोनीची लव बहुतांश शाबूत आहे त्याला हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे. नुसता मळला असेल तर ओलसर मऊ कापड, सौम्य साबणाचा फेस आणि लहान मुलांचा टूथब्रश एवढ्यावर भागतं. दबलेली लव ओलसर असतानाच एका दिशेने हलकेच विंचरली तर बरीचशी उभी राहते. नाकाच्या शेंड्यावरचं आणि कानांच्या टोकांवरचं टक्कल मी दोष मानत नाही. तो पोनी कुणीतरी मनापासून खेळवला, एवढंच त्यावरून कळतं.

सोलण्याजोगा पोनी कोणता? निम्म्याहून अधिक अंग उघडं पडलेला. डिंक पिवळा किंवा तपकिरी होऊन पापुद्रे धरलेला. शाईने, रंगाने किंवा बुरशीने लव कायमची डागाळलेला. अशा पोनीला गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

तरीही दोन गोष्टींची तयारी ठेवा. मांडीवरचं चिन्ह जाणारच असं धरून चाला. थोडंफार राहिलं तर फायदा समजा. दुसरं म्हणजे, खालचं व्हिनाइल लवेच्याच रंगाचं निघेल अशी खात्री नसते. डिंकाच्या जुन्या थरामुळे त्यावर पिवळसर छटा किंवा ढगांसारखे डाग उमटलेले असू शकतात. सोललेली सो सॉफ्ट पोझी म्हणजे साधी पोझी नव्हे, हे मनाशी ठरवूनच सुरुवात करा.

सुरुवात करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. चिन्हाचा जवळून, सरळ रेषेत, शेजारी पट्टी ठेवून एक फोटो हवाच. पुढे चिन्ह रंगवायचं झालं तर त्याच फोटोवरून माप मिळतं.

धूळ आणि वाफ

ही लव कोरडी असताना खरवडू नका. सँडपेपर, मोटरवर फिरणारा ब्रश, कोरड्या ब्लेडने खरडणं, यातलं काहीच नको. नायलॉनच्या लवेचे बारीक तुकडे हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. फ्लॉकिंगच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं ही धूळ घेणाऱ्या कामगारांना फुप्फुसांचा एक विशिष्ट आजार होतो, हे 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या रुग्णांवरून लक्षात आलं होतं. एखादं खेळणं सोलताना तेवढी धूळ नक्कीच होत नाही. पण लव ओली असेल तर ती उडतच नाही, मग उगाच धोका का पत्करायचा? सगळं काम ओल्यातच करा आणि तोंडावर मास्क ठेवा.

चिवट डिंकासाठी पुढे लागणाऱ्या द्रावणांचं वेगळंच. ॲसिटोनची, म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात त्या द्रावणाची, वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने खाली साचत जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलही ज्वलनशील आहे. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि आसपास शेगडी, उदबत्ती, हीटर काहीही नको. पातळ नायट्रिलचे हातमोजे ॲसिटोनसमोर टिकत नाहीत, ते फुगतात आणि त्यातून द्रावण आत झिरपतं. ब्यूटिल रबराचे मोजे मिळाले तर उत्तम, नाहीतर मोजे वरचेवर बदलत राहा. कपडे पांढरे करायचं ब्लीच आणि ॲसिटोन तर एका टेबलावरही आणू नका. दोन्ही मिसळले की क्लोरोफॉर्म तयार होतो.

पोनी उघडणं

या पोनीचं डोकं आणि धड वेगवेगळं बनवून मानेशी जोडलेलं असतं. डोकं काढून काम केलं तर फार सोपं जातं, कारण आत गेलेलं पाणी बाहेर काढता येतं आणि शेपटीचं टोक हाती लागतं. शेपटीचे केस भोकातून आत ओढून धातूच्या चकतीने किंवा पकडीने अडकवलेले असतात. ही चकती गंजते. तो गंज केसांच्या मुळांशी आणि मागच्या व्हिनाइलवर तपकिरी डाग सोडतो. बंद पोनी पाण्यात बुडवला की हे हमखास होतं.

मान सोडवण्यासाठी हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात मानेचा भाग काही मिनिटं धरा. हेअर ड्रायर चालेल, पण तो सतत हलता ठेवा. उकळतं पाणी नको. त्याने व्हिनाइल वाकडं होतं आणि आयाळीच्या नायलॉन केसांची ठेवण कायमची बदलते. मान मऊ झाली की अंगठ्याने कडा दाबत फिरा. जिथे सांध्यात फट दिसेल तिथे बोथट, सपाट सुरी सरकवून जुना डिंक हळूहळू तोडत पूर्ण चक्कर मारा. अडलं तर पुन्हा गरम करा. ओढाओढ केली तर मानेची कड फाटते आणि ती फाट नंतर आयाळीखालीही लपत नाही.

डोकं सुटलं की शेपटी आतून काढून बाजूला ठेवा. गंजकी चकती टाकून द्या. पुन्हा बसवताना केसांचा जुडगा नायलॉनच्या केबल टायने आवळला की गंजाची कटकट संपली. आयाळीची सैलसर वेणी घालून ती प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळा. केसांत एकदा लव शिरली की ती विंचरून काढणं हे सोलण्यापेक्षा चिवट काम आहे.

डोकं काढायचं धाडस होत नसेल तरी काम करता येतं. मात्र पोनी बुडवू नका. साबणपाण्यात भिजवलेलं कापड अंगाभोवती गुंडाळून ठेवा आणि शेपटीच्या भोकापाशी पाणी जाऊ देऊ नका.

भिजवणं

निम्मं काम इथेच होतं, आणि नेमकं हेच लोक गाळतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब टाका आणि धड त्यात पूर्ण बुडेल असं ठेवा. तरंगत असेल तर आत पाणी भरू द्या. काही तास ठेवा. जुना, कडक डिंक असेल तर रात्रभर. पाणी गार झालं की बदला.

भिजल्यानंतर आधीच्या टकलाची कड निरखून बघा. डिंकाने पाणी शोषलं असेल तर तिथे पांढुरकी, दुधाळ रेघ दिसते आणि कड किंचित उचललेली असते. त्या रेघेखाली अंगठ्याचं नख सपाट सरकवा. नशिबाने साथ दिली तर ओल आलेल्या भिंतीच्या पोपड्यासारखा अख्खा तुकडा लवेसकट सुटून येतो. हा क्षण मला या सगळ्या खटाटोपात सर्वात आवडतो. खालून चाळीस वर्षं उजेड न पाहिलेलं व्हिनाइल निघतं, बहुतेकदा वरच्या लवेपेक्षा कितीतरी ताज्या रंगाचं.

पापुद्रा सुटेनासा झाला की जोर लावू नका, पुन्हा भिजवा. मोठ्या सपाट भागांवर जुनं प्लॅस्टिक कार्ड तिरकं धरून चालवा. बारीक जागी लाकडी टूथपिक किंवा मॅनिक्युअरची लाकडी काडी वापरा. धातूचं हत्यार मऊ व्हिनाइलवर ओरखडा उठवतंच, आणि तो ओरखडा नंतर रंगाखालूनही दिसतो. टूथब्रश लहान गोलांत फिरवा आणि मधूनमधून पाण्यात खळबळवा, नाहीतर तो सुटलेली लव पुन्हा अंगावर चोपडत बसतो.

अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. मानेची वळी, कानांच्या आतला खळगा, जबड्याखालचा भाग, पुढच्या पायांची काख आणि मागच्या मांड्यांमधली फट. तिथे हात पुरला नाही म्हणून डिंक जाड बसलेला असतो आणि घर्षण कमी म्हणून लवही शाबूत असते. हे भाग शेवटी ठेवा. तोवर ते चांगले भिजलेले असतात.

हे पाणी थेट मोरीत ओतू नका. जुना सुती कपडा गाळणीवर टाकून गाळा आणि लवेचा लगदा कचऱ्यात टाका. तो नाल्यातून पुढे जाऊन कधीच कुजणार नाही, शिवाय पाइप तुंबतो ते वेगळंच.

काही पोनींवर पाण्याचा काहीच परिणाम होत नाही. सगळ्या फ्लॉकिंगचा डिंक एकाच जातीचा नसतो. दोन वेळा रात्रभर भिजवूनही कड पांढुरकी होत नसेल तर पुढच्या पायरीकडे वळा.

उरलेला डिंक

आता अंगावर बेटं उरलेली असतात. कुठे लवेचे खुंट, कुठे नुसता चिकट थर. क्रम असा ठेवा: आधी तेल, मग अल्कोहोल, अगदीच गरज पडली तर ॲसिटोन. प्रत्येक गोष्ट आधी पायाच्या आतल्या बाजूला, मसूरभर जागेवर करून बघा आणि दुसऱ्या दिवशी ती जागा पुन्हा तपासा.

तेल म्हणजे बेबी ऑइल किंवा स्टिकरचा गोंद काढायला मिळणारं संत्र्याच्या सालीच्या अर्काचं द्रावण. कापसाने लावा, काही मिनिटं थांबा, टूथपिकने लोटा, आणि लगेच साबणाने धुवा. हे सौम्य वाटतं म्हणून रात्रभर लावून ठेवायचा मोह होतो. तो टाळा, कारण तेलकट द्रावणंही मऊ व्हिनाइलमध्ये मुरतात.

त्यापुढे आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापसाचा बोळा ओला करून डागावर मिनिटभर दाबून धरा, मग गोल न चोळता एकाच दिशेने पुसा आणि दर वेळी बोळ्याची स्वच्छ बाजू घ्या. खरंतर बहुतेक पोनी इथवरच साफ होतात. फक्त अधिक वेळ लागतो, एवढंच.

ॲसिटोनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सोपा उपाय म्हणून सगळे तिकडेच धावतात. मऊ व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. मुळात ते कडक असतं, त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मुरवून ते लवचिक केलेलं असतं. ॲसिटोन पीव्हीसीला फुगवतं आणि हे द्रव्य बाहेर ओढतं. काही सेकंदांचा स्पर्श सहसा निभावतो. भिजवून ठेवलं तर पृष्ठभाग आधी चिकट होतो, मग आकसून कडक होतो, आणि ते परत सुधारत नाही. म्हणून पोनी ॲसिटोनमध्ये कधीही बुडवू नका, कुणी कितीही छान परिणाम दाखवला तरी. कापसाची काडी फक्त ओलसर करा, डिंकावर दोन-चार सेकंद फिरवा, लगेच साबणपाण्याच्या कापडाने पुसा. जागा चकाकू लागली किंवा बोटाला चिकटू लागली तर तिथेच थांबा आणि पोनीला एक दिवस मोकळ्या हवेत राहू द्या. मुरलेलं द्रावण उडून गेलं की पृष्ठभाग बराचसा पूर्ववत होतो. रंगीत किंवा सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातले रंग आणि तेलं व्हिनाइलमध्ये मुरतात. आणि खेळणं व्हिनाइलचं नसून कडक प्लॅस्टिकचं असेल तर ॲसिटोन बाटलीतच राहू द्या. पॉलिस्टायरीन, एबीएस आणि ॲक्रिलिक त्याने विरघळतात.

शेवटचे करडे ठिपके काढायला ओला मेलामाइन स्पंज, म्हणजे डाग घासून काढायचा फोमचा स्पंज, उपयोगी पडतो. तो फार बारीक घासकागदासारखंच काम करतो, त्यामुळे तिथली चमक उतरते. हलक्या हाताने, थोड्याच जागी.

डोळे

डोळ्यांचा रंग या सगळ्या द्रावणांना बळी पडतो. ॲसिटोन तर एका फटक्यात पापण्या पुसून टाकतं. डोळ्यांवर व्हॅसलिन लावलं की सगळं सुरक्षित, असा एक समज आहे. साबणपाण्यापासून थोडं रक्षण होतं, ॲसिटोनपासून भरवशाचं नाही. डोळ्यापासून बोटभर अंतरात फक्त पाणी आणि हात, हा नियम मी कधी मोडत नाही.

पोनीला चांगल्या उजेडात आणा, भिंग घ्या. ओला, पिळलेला कापूस डोळ्याच्या कडेवर, रंगावर नाही, फक्त लवेवर, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग बोथट चिमट्याने लवेचा झुपका डोळ्यापासून बाहेरच्या दिशेने ओढा. दिशा महत्त्वाची, कारण आतल्या बाजूला ओढलं तर डिंकाबरोबर रंगाचा कपचा येतो. दोन-चार झुपके, मग पुन्हा ओलावा. दोन्ही डोळ्यांना एक अख्खी संध्याकाळ लागली तर ती वाया गेली असं समजू नका. गुळगुळीत अंगावर मूळ डोळे शाबूत असलेला पोनी आणि डोळे नव्याने रंगवलेला पोनी यांच्यात जीवच वेगळा असतो. शेवटी डोळ्याच्या कडेला डिंकाची पुसट रेघ राहिलीच तर राहू द्या.

सोलल्यानंतर

साबणाने धुवा, साध्या पाण्याने खळबळा, आतलं पाणी ओतून टाका आणि धड मानेच्या भोकावर पालथं ठेवून सावलीत वाळू द्या. आत ओल राहिली तर बुरशी धरते. पायांच्या पोकळीत काडीवर कापूस गुंडाळून पुसून घ्या. पूर्ण वाळल्याशिवाय डोकं बसवू नका.

वाळल्यावर हात फिरवून बघा. अंग किंचित चिकट लागलं तर सौम्य साबणाने धुऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा धुवा. प्लॅस्टिसायझर बाहेर येत असेल तर तो असाच काढावा लागतो. असा पोनी बंद पिशवीत ठेवू नका आणि दुसऱ्या खेळण्याला टेकवूनही ठेवू नका, कारण हे द्रव्य एका प्लॅस्टिकमधून दुसऱ्यात शिरतं आणि सोबत रंगही नेतं. साच्याची शिवण, व्हिनाइलच्या आतले बारीक गडद कण, पिवळे ढग, हे सगळं आता दिसणार. व्हिनाइलच्या आतले डाग घासून जात नाहीत, त्यामागे लागून पृष्ठभाग खराब करू नका.

रंगवायचं असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग अगदी पातळ थरांत द्या. आधी अल्कोहोलच्या ओलसर कापडाने एकदा पुसून घ्या म्हणजे बोटांचा तेलकटपणा जातो. वरचं वॉर्निशही पाण्यावर आधारित, ब्रशने लावायचं घ्या. डब्यातून फवारायची कित्येक वॉर्निशं मऊ व्हिनाइलवर नीट वाळत नाहीत आणि महिनोन्महिने चिकट राहतात. चिन्ह रंगवताना तुमचा पट्टी ठेवलेला फोटो समोर ठेवा. मांडीची गोलाई फोटोत सपाट दिसते, त्यामुळे आकार कडेला थोडा रुंद घ्यावा लागतो.

पुढे कधी हा पोनी विकला किंवा कुणाला दिला तर तो सोललेला सो सॉफ्ट आहे हे स्पष्ट सांगा, आणि रंग नवा असेल तर तेही. लव नसलेला आणि चिन्ह हाताने काढलेला पोनी बघून नवखा संग्राहक त्याला दुर्मीळ नमुना समजू शकतो. खुराच्या तळाशी कंपनीचं नाव आणि साल जसंच्या तसं असतं, त्यामुळे हा गैरसमज आणखी पक्का होतो. सोलण्यापूर्वीचे फोटो म्हणूनच जपून ठेवा आणि पोनीबरोबर पुढच्या माणसाला द्या.